आजीला काहीतरी काम दे

तुझ्या फिल्मची संहिता वाचली गं. आजी पहिल्या पानावर देवापुढे, शेवटच्या पानावर पलंगावर. मधे ती करते काय?

आपल्या रामबागेतली कुठलीही सत्तरीची बाई घे. भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत, वळून सुनेला मराठीत सूचना, तेवढ्यात फोनवर एफडीच्या व्याजाची चौकशी. हे सगळं एका दमात! तसं लिही. रडका प्रसंग एक कमी केलास तरी चालेल.

आणि तिशीतल्या मुलीचे केस पांढरे करून तिला आजी बनवू नकोस. ही खोड जुनीच आहे म्हणा. ‘मदर इंडिया’तली (१९५७) नर्गिस आणि तिचा मुलगा झालेला सुनील दत्त, दोघंही जून १९२९चे. ‘शक्ती’त (१९८२) तर राखी अमिताभची आई, वयाने त्याच्याहून लहान असून! अभिनय उत्तमच, प्रश्न तो नाही. खऱ्या वयाच्या नटी तेव्हा घरी बसतात. नीना गुप्तांनी २०१७ मध्ये इन्स्टाग्रामवर उघड काम मागितलं, पुढच्याच वर्षी त्यांची भूमिका असलेला ‘बधाई हो’ चित्रपट आला.

तू नाटकवाल्या काकूंना विचार. पाठांतर चोख असतं त्यांचं. फक्त तालीम दुपारी ठेव, आणि क्लोजअपला फिल्टर लावू नकोस.