दिवस लकव्यापासून मोज, रिपोर्टपासून नको

काल तू म्हणालास, काका, बाबा आता चांगले बोलायलेत, हातपण चालतोय, मग मानेचं ऑपरेशन एवढ्या गडबडीनं कशाला? अरे चालतायत बोलतायत म्हणूनच गडबड! मेंदू अजून शाबूत आहे तोवरच ते करायचं असतं. मानेतली मेंदूला रक्त नेणारी डावी नस 80 टक्के बंद आहे, आत चरबीचा थर फुटलाय, त्याच्यावर गुठळी धरते आणि तुकडा सुटून वर मेंदूत जातो. नस उघडून तो थर काढायचा, हेच ते ऑपरेशन. पुढचा तुकडा सुटायची भीती पहिल्या दोन आठवड्यांतच सगळ्यात जास्त. डॉपलरचा, म्हणजे नसेच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट परवा आला म्हणून तू दोन दिवस मोजतोयस, लकवा मारून आज नववा दिवस आहे रे!

आम्हाला पूर्वी सहा आठवडे थांबा म्हणूनच शिकवायचे. मग 2004 साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात जुन्या ट्रायल्सचा एकत्र हिशोब आला. दोन आठवड्यांच्या आत असलेल्या 5 पेशंटांचं ऑपरेशन केलं की पाच वर्षांत एकाचा स्ट्रोक, म्हणजे लकवा, टळतो, बारा आठवडे उलटून गेलेल्यांत तेवढ्याचसाठी 125 जणांची मान उघडावी लागते. ऑपरेशन तेच, नस तीच, फक्त दिवस गेले.

आमच्या आण्णांच्या वेळी घरात ठरलं, ऊस कारखान्याला जाऊ दे मग बघू. मी डॉक्टर असलो तरी घरात धाकटा, कोण ऐकतंय. ऊस गेला आणि आण्णांची वाचापण गेली, परत आली नाही. त्यानंतर पितृपक्ष आहे, अमावस्या आहे म्हणणाऱ्या निपाणी-चिकोडीकडच्या कित्येक घरांत मी भांडलोय, वाईटपणा घेतलाय, आणि अजूनही घेईन.

मोठा स्ट्रोक असेल, मेंदूत रक्तस्राव असेल, पेशंट गुंगीत असेल तर थांबावं लागतं, नस पूर्ण बंद झाली असेल तर हे ऑपरेशनच नाही. पहिल्या दोन दिवसांत करावं का यावरपण वाद आहे. बाबांचं यातलं काहीच नाही, मग मामा काय म्हणतात ते मला सांगू नकोस.

उद्या सकाळीच सर्जनना सरळ विचार, असली ऑपरेशनं तुम्ही किती करता आणि त्यात स्ट्रोक किंवा मृत्यू किती होतात, 6 टक्क्यांच्या आत पाहिजे. विचारायला लाजू नको. बेळगावात या आठवड्यात तारीख नसेल तर कोल्हापूर, हुबळी, गोवा, कुठंही फोन लाव, आरोग्य कार्डावर खर्चाची मंजुरी एकीकडे चालू दे. गोळ्या एकपण चुकवायच्या नाहीत. आणि मधेच तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर मला फोन करत बसू नको, आधी 108 ला लाव.