सुई दिसली की पैलवान आडवा

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी पलूस तालुक्यातला, वय 33. दहा वर्षं तालमीत काढली, कुंडलच्या मैदानात कुस्त्या केल्या, दोन्ही कान फुटलेत. पण सुई दिसली की मी गेलोच. गेल्या साली गावात पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर होतं. माझा नंबर यायच्या आधीच शेजारच्या खाटेवरची लाल पिशवी बघितली आणि गार घाम सुटला, कानात सूं झालं. पुढचं आठवत नाही. पोरं आता 'सुई पैलवान' म्हणतात. त्याचं एवढं नाही. पण वडिलांना शुगर आहे, मीही रात्री चार-चारदा लघवीला उठतोय, डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगून चार महिने झाले. दोनदा लॅबच्या पायरीवरून परत आलो. बायको म्हणते, सगळं मनाचं आहे, मन घट्ट करा. ते कसं करायचं? (नाव छापू नये.)

उत्तर : पैलवान, मन राहू द्या. आधी मांड्या घट्ट करायला शिका. थट्टा नाही, तुमच्या दुखण्यावरचा उपाय खरंच तिथून सुरू होतो.

उंची, कुत्रा, लिफ्ट यांना घाबरणाऱ्याची छाती धडधडते, रक्तदाब चढतो. तो पळेल, पण सहसा पडणार नाही. (माझं पालीशी तीस वर्षांचं वैर आहे. स्टुलावर चढलेय, बेशुद्ध कधी पडले नाही.) रक्त आणि सुईच्या भीतीचं गणित निराळं. दाब आधी जरा चढतो आणि मग एकदम कोसळतो, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस आडवा. यात भित्रेपणा कुठेच नाही. ही भीती बऱ्याचदा घराण्यात असते, आत्या-काकांना विचारून बघा. म्हणूनच 'अंग सैल सोडा, लांब श्वास घ्या' हा लोकांचा सल्ला तुमच्यावर उलटतो. अंग सोडलं की दाब आणखी उतरतो.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी 1980 च्या दशकात यावर स्नायू आवळण्याची पद्धत बसवली. खुर्चीत बसून हात, छाती, मांड्या आवळायच्या. श्वास कोंडायचा नाही. चेहरा गरम वाटेपर्यंत, साधारण 10 ते 15 सेकंद. मग सोडायचं, पण पार ढिलं नाही, नेहमी बसतो तितपतच. अर्ध्या मिनिटाने पुन्हा. असं पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा. समोरचा पट काढायला आला की तुमचं अंग आपोआप आवळतं ना, तेच. तुम्हाला बीपी असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, आणि चक्कर दुसऱ्या कशाची नाही ना, यासाठी एकदा ईसीजी काढून घ्या.

हे झालं पडू नये म्हणून. भीती जायची तर सुईकडे पायरीपायरीने जावं लागतं, आणि ते जाणकाराबरोबर केलेलं बरं. माझ्याकडे साताऱ्यात एक कॉलेजची मुलगी यायची. पहिल्या दिवशी तिला 'सुई' हा शब्दही उच्चारवेना, 'ते' म्हणायची. आधी चित्र, मग टेबलावर रिकामी सिरिंज, मग ती हातात, मग दंडाला स्पिरिटचा कापूस. त्या कापसाच्या वासालाच ती दोन बैठका अडली होती! तुम्ही लॅबच्या पायरीवरून परत फिरता तेव्हा जे हायसं वाटतं ना, त्याच खुराकावर ही भीती पोसली जाते.

सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढताना लाजू नका, 'सुई बघून चक्कर येते' एवढं सांगा. 'सुईला सामोरं जायचा सराव करून घेता का?' हेही विचारा, कारण नुसत्या गोळ्यांनी ही भीती जात नाही. जायच्या आधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

शुगरची तपासणी मात्र या सगळ्यासाठी थांबवू नका. रात्रीचं ते उठणं मला आवडलेलं नाही. याच आठवड्यात सकाळी पहिला नंबर लावा, पाणी पिऊन जा. 'मी पडतो, मला झोपवून रक्त घ्या' असं आत शिरतानाच सांगा. लॅबवाल्यांना तुमच्यासारखे रोज भेटतात. सुई ज्या हाताला टोचतील तो सोडून बाकीचं अंग आवळा आणि नंतर दहा मिनिटं उठू नका. सुईकडे बघितलंच पाहिजे असं काही नाही, तो सराव पुढे.