पॉलिसीत मानसिक आजार आहे, मग थेरपीचे पैसे का मिळत नाहीत?

प्रश्न : मुलीला नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. शिवाय दर पंधरा दिवसांनी बेळगावात थेरपी, एका सिटिंगला 1,000 रुपये. आमची पाच लाखांची फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम) पॉलिसी आहे. मानसिक आजार कव्हर आहे असं एजंट म्हणाला होता, पण सहा पावत्या लावल्या तर क्लेम परत आला. – एक पालक, निपाणी

उत्तर : एजंट खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 21(4) प्रमाणे कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा लागतो. बरोबरीने, म्हणजे अटीही त्याच. साध्या पॉलिसीत तापाच्या डॉक्टरांची फी मिळत नाही, तशीच थेरपीचीही मिळत नाही. पेशंट साधारण 24 तास दाखल असेल तरच खर्च निघतो, आणि थेरपी ही ओपीडीतली, म्हणजे दाखल न होता घेतलेली. नकाराच्या पत्रात 'ओपीडी खर्च' हे कारण असेल तर भांडू नका, हरालच. क्लेमसाठी एक रात्र दाखल व्हा, असं सुचवणारेही भेटतील. नुसत्या तपासणी-निरीक्षणासाठी दाखल होणं पॉलिसीत स्पष्ट वगळलेलं असतं. क्लेम तिथंच अडकतो आणि हॉस्पिटलचं बिल अंगावर येतं.

उरतो ओपीडी रायडर, म्हणजे ओपीडीच्या खर्चासाठी जादा हप्ता भरून घ्यायची जोड. घेण्याआधी कागदावर हिशेब करा. समजा, रायडरचा हप्ता 3,000 आणि वर्षाची मर्यादा 5,000 रुपये. तुमच्या वर्षाच्या सिटिंग 26, म्हणजे खर्च 26,000. त्यातला निव्वळ फायदा हप्ता वजा जाता फक्त 2,000, आणि फ्लोटरमध्ये ती मर्यादा बहुधा घरातल्या सगळ्यांत मिळून असते. त्यातही 'डॉक्टरांची सल्ला फी' लिहिलंय की 'मानसोपचार, समुपदेशन'ही लिहिलंय, ते मेलवर विचारून घ्या. फोनवरच्या होकाराला किंमत नाही.

रायडर असूनही पैसे अडतात ते पावतीमुळे. यूपीआयचा स्क्रीनशॉट ही पावती नव्हे. पावती क्रमांक, तारीख, रक्कम, सही-शिक्का आणि मुलीचं नाव पॉलिसीतल्याच स्पेलिंगने हवं (आपल्या भागात आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, हे नेहमीचंच). क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा (त्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचा) नोंदणी क्रमांकही. सोबत मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी जोडा, त्यात निदान आणि थेरपीची शिफारस दोन्ही असावं.

प्रश्न : नवी पॉलिसी घेतोय. दोन वर्षांपूर्वी झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या घेतल्या होत्या. फॉर्ममध्ये लिहू का? – वाचक, खानापूर

उत्तर : लिहा. लिहिलंत तर प्रतीक्षा काळ लागेल, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा क्लेम मिळणार नाही. 2024 च्या नियमांप्रमाणे आधीच्या आजारासाठी तो जास्तीत जास्त 36 महिने. कदाचित हप्ता वाढेल, एखादी कंपनी नाहीही म्हणेल, तेव्हा दुसरीकडे अर्ज करा. लपवलंत तर दाखल झाल्यावर जुनी चिठ्ठी केसपेपरमध्ये निघते आणि पॉलिसीच रद्द होऊ शकते. सलग 60 महिने पॉलिसी चालली की न सांगितल्याच्या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ही ढाल चालत नाही.

प्रश्न : दाखल असतानाचा क्लेम 'मानसिक आजार' म्हणून नाकारला. पॉलिसी कोल्हापूरच्या शाखेतली, आम्ही चिकोडीचे. तक्रार कुठे?

उत्तर : इथे मात्र भांडा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला कलम 21(4) चा उल्लेख करून लेखी कळवा. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे. तक्रारदाराचं राहतं घर किंवा कंपनीची शाखा, दोन्हींवरून कार्यक्षेत्र ठरतं. म्हणजे तुम्हाला बेंगळूरु (घरावरून) किंवा पुणे (शाखेवरून), दोन्ही लोकपाल कार्यालयं खुली. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जा.

खिशाला झेपतच नसेल तर बेळगावच्या बिम्स या सरकारी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी किंवा धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.