वाचकांचे प्रश्न: चार जीबीच्या लॅपटॉपवर कॅड

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल आणि मशीनची गार्ड-कव्हरं यांची ड्रॉइंग करायची असतात. लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. नवा घ्यायची इच्छा नाही. फुकटचं कोणतं कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर घ्यावं?

उत्तर : आपलं काम सपाट ड्रॉइंगचं आहे, त्यामुळे लिब्रेकॅड घ्या. चार जीबीवर ते सहज चालतं आणि त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पण आधी एक पाहा: गिऱ्हाईक फाइल कशात पाठवतं आणि लेझर कटिंगवाला कशात मागतो? निवड खरी त्यावर ठरते. लिब्रेकॅड फाइल साठवतं डीएक्सएफ या प्रकारात आणि कटिंगवाल्यांना बहुधा तेच हवं असतं. ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल ते उघडतं, पण त्यावर विसंबू नका, काही रेषा किंवा मापं गळू शकतात. त्यापेक्षा ओडीए फाइल कन्व्हर्टर या मोफत साधनाने आधी डीएक्सएफ करून घ्या. क्यूकॅडही हलकं आणि चांगलं आहे. मात्र उतरवून घेतल्यावर त्यात व्यावसायिक आवृत्तीची चाचणी चालू असते. तोवर डीडब्ल्यूजी उघडते, चाचणीचा भाग काढून मोफत आवृत्तीवर आलात की ती सोय जाते.

ड्रॉइंग नेहमी खऱ्या मापात, मिलिमीटरमध्ये काढा. तीन मीटरचं गेट म्हणजे ३०००. स्केल छापताना द्या. १:१० ने छापायचं असेल तर ड्रॉइंगच्या प्रेफरन्समध्ये डायमेन्शनचा जनरल स्केल १० ठेवा, म्हणजे २.५ मिमीचे आकडे कागदावर २.५ मिमीच उमटतील. शेजारी लेंग्थ फॅक्टर नावाचा रकाना आहे, त्याला हात लावू नका. तो बदलला तर मापाचा आकडाच बदलतो आणि ३००० च्या जागी भलतंच छापून येतं. प्रिंट प्रीव्ह्यूत ‘फिट टू पेज’ नको. एक १०० मिमीची रेष मुद्दाम काढून, छापल्यावर पट्टीने मोजून बघा. १:१० ला ती १० मिमी यायला हवी.

लेझरकडे फाइल धाडण्याआधी प्रत्येक आकार बंद आहे का ते तपासा. ‘सिलेक्ट कंटूर’ घेऊन एका रेषेवर क्लिक करा, जोडलेल्या सगळ्या रेषा निवडल्या जातात. निवड जिथे थांबते तिथे फट आहे. डोळ्याला ती दिसत नाही, पण मशीनला दिसते. ‘ट्रिम टू’ने (Trim Two) दोन्ही टोकं जुळवा. मापं, बॉर्डर आणि नाव वेगळ्या लेयरवर (ड्रॉइंगच्या वेगळ्या थरावर) ठेवा आणि कटिंगच्या प्रतीतून काढून टाका, नाहीतर त्यांचीही कापायची रेष होऊ शकते. लेझरच्या झोताची जाडी आपण वजा करू नका, ती भरपाई कटिंगवाला करतो. दोघांनीही केली तर भोक मापात येणार नाही.

ड्रॉइंग जड झालं की दोष बहुधा हॅचचा, म्हणजे आकारात भरलेल्या तिरप्या रेषांचा असतो. हॅच वेगळ्या लेयरवर टाकून तो लेयर लपवा. व्ह्यूमधला ड्राफ्ट मोडही उपयोगी आहे, त्यात हॅच आणि अक्षरं साध्या रूपात दिसतात. चार-पाच हजार घालायचेच असतील तर हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, फरक त्याने जास्त पडतो.

प्रश्न : शिरोलीतल्या फाउंड्रीला पॅटर्नसाठी (साचा करायच्या नमुन्यासाठी) थ्रीडी हवं आहे. याच ताकदीच्या लॅपटॉपवर फ्रीकॅड चालेल का?

उत्तर : ब्रॅकेट, फ्लँज, झाकण अशा सुट्या भागांपुरतं चालेल. पन्नास पार्टची असेंब्ली त्यात उघडू नका. फिलेट, म्हणजे कडांची गोलाई, शेवटी टाका. आधी टाकलेत तर मूळ माप बदलताना ते तुटतात आणि प्रत्येक बदलाला ते पुन्हा मोजण्यात वेळ जातो. बिडाच्या कास्टिंगला आकुंचनापोटी साधारण १ टक्का वाढ धरतात. ५०० मिमीला ५ मिमी. नक्की आकडा फाउंड्रीकडूनच घ्या, कारण धातूच्या ग्रेडनुसार तो बदलतो. ही वाढ मूळ भागात मिसळू नका, पॅटर्नची प्रत वेगळी करा, म्हणजे मशिनिंगचं ड्रॉइंग शुद्ध राहील.

प्रश्न : लिब्रेकॅडमध्ये मराठी नाव लिहिता येतं का?

उत्तर : नीट नाही. त्याचे फॉन्ट रेषांचे असतात, विंडोजचे ते वापरत नाही, म्हणून जोडाक्षरं विस्कटतात. टायटल ब्लॉक, म्हणजे ड्रॉइंगवरची नावाची चौकट, इंग्रजीत ठेवा.