होणाऱ्या सुनेची गुणपत्रिका माहिती अधिकारात काढता येते का?

मुलीची संमती नसेल तर सहसा नाही. स्थळ वडोदऱ्याचं, मुलगी सयाजीराव विद्यापीठातली आणि तुम्हाला तिचे गुण परस्पर तपासायचेत, असं तुम्ही लिहिलंय. विद्यापीठ सरकारी आहे, त्यामुळे माहिती अधिकार कायदा, २००५ तिथे लागू होतो. पण त्याच कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती न देण्याची सूट आहे, आणि लग्न जुळवणं हे काही सार्वजनिक हिताचं कारण नव्हे. मी इथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात असे अर्ज हाताळतो. बहुतेक याच कलमावर परत जातात. अधिकाऱ्याने माहिती द्यायचं मनात आणलंच, तर कलम ११ प्रमाणे ५ दिवसांत मुलीला लेखी नोटीस जाते आणि म्हणणं मांडायला तिला १० दिवस मिळतात. म्हणजे चौकशी गुपचूप राहत नाही! फक्त एक आहे: ती स्वतः मात्र आपली तपासलेली उत्तरपत्रिकाही मागू शकते, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच तसं सांगितलंय. तेव्हा गुणपत्रिका बघायचीच असेल तर चहा-पोह्यांच्या वेळी सरळ तिलाच विचारा.