फील्ड एमिशन डिस्प्लेच्या पडद्यावर सगळीकडे सारखा उजेड कसा आणायचा?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टच्या कार्बन नॅनोट्यूब पॅनलवर उजेड ठिपक्याठिपक्यांचा येतो, आणि गाइड म्हणतात, "कॅमेऱ्याने मोजा, प्रत्येक पिक्सेलचं करेक्शन टेबल बनवा, विषय संपला." म्हणजे कुठला पिक्सेल किती वाढवायचा-कमी करायचा त्याची यादी.

विषय तिथे संपत नाही. याच वाक्यापायी माझी अडीच वर्षं गेली, म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर एफईडीबद्दल, म्हणजे फील्ड एमिशन डिस्प्लेबद्दल, आता कोण विचारतं? (सीआरटीसारखाच इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने उजळणारा पडदा, फक्त चपटा, आणि दर पिक्सेलमागे स्वतःचे इलेक्ट्रॉन सोडणारे स्रोत.)

१९९६ साली एमएस संपवून मी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीत लागलो. ती केव्हाच बंद पडली, नाव राहू दे. पॅनल तळहाताएवढं, एकरंगी हिरवं, ३२० बाय २४० चं. कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या मागच्या पाटीवर, मॉलिब्डेनमचे सूक्ष्म सुळके, संशोधक स्पिंट यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे. दर पिक्सेलमागे हजारावर. इतके सुळके असले की सरासरीने सगळं सारखं दिसेल, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात टोकातून किती करंट निघेल ते सांगणारं फाउलर-नॉर्डहाइमचं सूत्र घातांकी आहे. टोक जरा जास्त अणकुचीदार असलं की करंट कित्येक पट. पंगतीत दोघातिघांनीच जिलब्यांची परात रिकामी करावी आणि बाकीच्यांनी मठ्ठा पीत बसावं, तसा प्रकार. हजार सुळक्यांतले काम करतात पाच-पन्नास, आणि ते पाच-पन्नास कोणते हे रोज बदलतं.

यावरचा उपाय तेव्हाही नवा नव्हता. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या लेती प्रयोगशाळेतल्या लोकांनी ऐंशीच्या दशकातच सुळक्यांखाली अमॉर्फस सिलिकॉनचा रेझिस्टिव्ह थर घातला होता. जो सुळका जास्त ओढेल त्याचाच व्होल्टेज पडेल. हिशोब करून बघा: वाटेत १० मेगाओम, करंट १ मायक्रोॲम्प, म्हणजे १० व्होल्टची घट. टोक आणि गेट (टोकातून इलेक्ट्रॉन ओढणारी वरची पट्टी) यांच्यात ८० ऐवजी ७० व्होल्ट उरले की करंट साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो. खादाड आपोआप आवरतो, आणि मग गेट थोडं वर नेलं की मागे बसलेल्यांनाही वाढता येतं.

आमच्याकडेही तो थर होता, पण नावाला. जाड करायचा तर गेटचा व्होल्टेज वाढणार, ड्रायव्हर आयसी महागडे लागणार. मॅनेजर म्हणाला, थर आहे तसा राहू दे, तू टेबल कर. मी केलं. काळ्या कापडाखाली मान घालून, थंड केलेल्या सीसीडी कॅमेऱ्याने ७६,८०० पिक्सेल मोजले, दर पिक्सेलला एक बाइट, सगळं एका मेगाबिटच्या ईप्रॉम मेमरी चिपमध्ये भरलं. शुक्रवारी संध्याकाळी सपाट राखाडी चित्र लावलं तर पडदा इस्त्री केलेल्या पैठणीसारखा. मला स्वतःचाच अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

सोमवारी पैसेवाले पाहुणे आले. पॅनल लावलं आणि पडद्याला घामोळं आलेलं! मोजताना जिथे उजळ ठिपके होते तिथे आता काळे. मी करेक्शन बंद केलं, तर चित्र चक्क सुधारलं. म्हणजे आता दोष पॅनलचा दिसत नव्हता, माझ्या टेबलचाच दिसत होता.

झालं होतं असं की शनिवार-रविवार कुणीतरी ते पॅनल एजिंगला, म्हणजे मुरवायला सतत चालू, लावून ठेवलं होतं, पूर्ण उजेडावर. कुणी ते सांगायला नको. आमचा फॉस्फर, म्हणजे पडद्यावरचा चमकणारा लेप, सल्फाइडचा. इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्यातून वायू सुटतात, टोकांवर बसतात, वर्क फंक्शन (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) बदलतं. सर्वांत चमकणारे सुळके आधी थकतात. दोन दिवसांत वाढप्याचा सगळा हिशोब फिरला, आणि माझं टेबल शुक्रवारचंच. मीटिंगच्या टिपणात मात्र "सॉफ्टवेअर एरर" असं लिहिलं गेलं, पुढे माझं नाव.

नंतर रात्रपाळीच्या टेक्निशियनला हाताशी धरून थोडी कॅथोडं जाड थराची काढून घेतली. टेबलाशिवाय लावली. शुक्रवारच्या पैठणीइतकी नाही, पण आठवड्यानंतरही तशीच. मॅनेजरने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, उजेड कमी आहे. गेट वाढवून बघा म्हटलं, तर ड्रायव्हरची गोष्ट पुन्हा सुरू.

आता तुमचं. टेबल करण्याआधी एक काम करा. पॅनल एकाच करंटवर आठ तास चालू ठेवा, दर तासाला फोटो घ्या आणि पहिल्या-शेवटच्या फोटोचं पिक्सेलवार कोरिलेशन काढा. नकाशा तोच राहिला तर टेबल खुशाल करा. फिरला तर टेबल म्हणजे भिंतीच्या ओलीवर डिस्टेंपर. नॅनोट्यूबमध्ये हे जास्तच जाणवेल. छापलेल्या पेस्टमधल्या ज्या नळ्या उंच उभ्या राहतात त्याच सगळा करंट खातात आणि त्याच आधी जळतात. म्हणून मोजण्याआधी एजिंग करा, नंतर नाही. ग्रे लेव्हलसाठी व्होल्टेज कमीजास्त करू नका, पल्सची रुंदी बदला. घातांकी वक्रावर एकाच बिंदूवर उभं राहणं सोपं. आणि डोळ्याला खुपतो तो शेजारच्या दोन पिक्सेलमधला फरक. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत उजेड हळूहळू उतरला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, जुन्या सीआरटी टीव्हीत तो चांगलाच उतरायचा. तेव्हा रिपोर्टात संपूर्ण पडद्याचा एकच टक्का लिहून मोकळे होऊ नका. प्रत्येक कॉलमला बाहेरून रेझिस्टर लावलात तर कॉलम-कॉलममधली तफावत आवरेल, एका पिक्सेलमधल्या नळ्यांची नाही. त्यासाठी थर कॅथोडखालीच हवा. स्पेसरच्या (दोन काचांमधल्या टेकूंच्या) कडेने उभ्या रेघा दिसत असतील तर ती वेगळी कथा आहे, तिथे स्पेसरवर साचणारा चार्ज बघायचा.

एक मात्र कबूल करतो. आज ओएलईडीच्या कारखान्यांत पॅनल कॅमेऱ्याने मोजून करेक्शन भरतात आणि ते चालतं. काही टीव्ही तर बंद असताना स्वतःच पुन्हा मोजणी करून घेतात. तेव्हा कल्पना मूर्खपणाची नव्हती, क्रम मूर्खपणाचा होता. आधी पाया स्थिर करा, मग वरून रंग. गाइडना हे माझ्या नावाने सांगू नका, आठ तासांचा आलेख पुढे ठेवा. (थर जाड केला असता तरी कंपनी वाचली असती असं नाही. एलसीडी ज्या वेगाने स्वस्त झाली त्यापुढे कॅननलाही २०१० मध्ये आपला एसईडीचा (एफईडीच्याच भाऊबंदाचा) संसार आवरावा लागला.)

तुम्ही मोजताना व्हॅक्यूम पंप चालू ठेवता की पॅनल सील केलेलं आहे, ते लिहिलेलं नाही. पंप चालू असेल तर वर वायूबद्दल लिहिलंय ते तुम्हाला निम्मंच लागू. थर किती ओमचा ठेवायचा तेही त्यावर आणि एका पिक्सेलला किती करंट देता त्यावर ठरेल. दोन्ही गोष्टी कळवा.