मालीश हवे, रगडणे नको

प्रश्न : वय ४२, निपाणीत बिडी वळते. वर्षभर सर्वांग ठणकते. डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितला. शेजारच्या मावशी तेल लावून जोरात रगडतात, पण दुसऱ्या दिवशी उठवत नाही. मालीश बंद करू का?

उत्तर : ताई, मालीश नव्हे, रगडणे बंद करा. या आजारात स्नायू जखमी नसतात, तर मज्जासंस्थाच साध्या स्पर्शालाही वेदनेचे रूप देते, म्हणून जोर लावला की दुखणे भडकते. त्यापेक्षा मायोफेशियल रिलीज बरे. त्यात फिजिओथेरपिस्ट तळहात एकाच जागी मिनिटभर, कधी त्याहून अधिक, स्थिर ठेवून स्नायूंवरचे आवरण हळूहळू सैल करतात. किमान ५ आठवडे सातत्य ठेवलेल्या मालिशीने वेदनेबरोबर चिंताही कमी झाल्याचे अभ्यासांत आढळले आहे. मावशींना मात्र कोमट तेलाचा हलका हात फिरवू द्या, आणि रोज थोडे चाला.